मॉरिशसला लग्नाला जाताय? एक दिवस रिसॉर्टच्या बाहेर काढाच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या लग्नांवर पानभर मजकूर आला होता तो वाचला. मंडप कसा सजवतात, ड्रेसकोड काय असतो, पत्रिकेऐवजी व्हिडिओ कसा पाठवतात, माणशी खर्च किती येतो, सगळं त्यात होतं. पण जी शंभर-दीडशे माणसं विमानात बसून तिथे जातात त्यांनी तिथे बघायचं काय, याबद्दल शेवटी चार ओळी, आणि त्यातही बीच, स्पा आणि शॉपिंग. म्हणून हे पत्र लिहितेय. जरा लांबेल, पण जागा असेल तर छापा, कारण ह्या सीझनला आपल्याकडची बरीच कुटुंबं निघणार आहेत.

मी लिहितेय ते फक्त मॉरिशसबद्दल, कारण भाच्याच्या लग्नाला तिथे जाऊन आलेय. रिसॉर्ट छान, समुद्र छान, जेवण उत्तम, यजमानांनी काही कमी केलं नाही. पण मेहंदी, हळद, संगीत, लग्न, रिसेप्शन असा कार्यक्रम इतका घट्ट बांधलेला होता की निम्मे पाहुणे एअरपोर्ट ते रिसॉर्ट आणि रिसॉर्ट ते एअरपोर्ट एवढाच देश बघून परत आले. आमच्यात अशी कितीतरी माणसं होती ज्यांचा पासपोर्टच ह्या लग्नासाठी पहिल्यांदा निघाला. सासूबाईंच्या वयाच्या बायका, गावाकडचे काका, ज्यांचं परत कधी परदेशात जाणं होईल की नाही माहीत नाही. त्यांना बसून राहायला लागलं एअरकंडिशन्ड हॉलमध्ये, आणि बाहेर अर्ध्या-पाऊण तासावर अशा जागा आहेत की ज्या बघितल्या असत्या तर ते जन्मभर सांगत राहिले असते. माझं यजमानांना एवढंच म्हणणं आहे की कार्यक्रमात एक अख्खा दिवस मोकळा ठेवा, तो वर्किंग डे असू द्या, आणि पाहुण्यांना राजधानी पोर्ट लुईला न्या.

वर्किंग डे का ते सांगते. लग्नं बहुतेक शुक्रवार ते रविवार असतात, सुट्टीच्या हिशोबाने. मग लोक म्हणतात रविवारी रिसेप्शनच्या आधी जाऊन येऊ शहरात. पण रविवारी पोर्ट लुई जवळजवळ झोपलेलं असतं, आप्रवासी घाट बंद, जुन्या टपाल तिकिटांचं ब्ल्यू पेनी म्युझियम बंद, बहुतेक दुकानं बंद. शनिवारीही बरंच काही दुपारपर्यंतच. म्हणजे गुरुवारी नाहीतर सोमवारी जायचं हे आधीच ठरवून विमानाची तिकिटं काढायला पाहिजेत, नंतर नाही जमत.

आता आप्रवासी घाट. हे नाव लग्नाच्या त्या चकचकीत पीडीएफमध्ये कुठेच नसतं आणि मला विचाराल तर मॉरिशसला जाणाऱ्या भारतीय माणसाने पहिलं काही बघायचं तर हेच. पोर्ट लुईच्या बंदरावर जुन्या दगडी बांधकामाचे अवशेष आहेत आणि 16 पायऱ्या आहेत. त्या पायऱ्या चढून आपल्याकडची माणसं त्या देशात शिरली. झालं असं की इंग्रजांनी गुलामगिरी बंद करायची ठरवली, 1 फेब्रुवारी 1835 ला मॉरिशसमध्ये ती अधिकृतपणे संपली, पण उसाच्या मळेवाल्यांना मजूर हवे होते, म्हणून त्याच्या थोडं आधीच हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात झाली. 2 नोव्हेंबर 1834 ला अ‍ॅटलास नावाच्या जहाजातून 36 जण उतरले, त्यांचा करार पाच वर्षांचा, पगार महिना 5 रुपये. तिथून 1920 पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं ह्या बंदरात उतरली, काही पुढे दुसऱ्या वसाहतींत गेली, बहुतेक इथेच राहिली. कलकत्ता, मद्रास आणि आपल्या मुंबई बंदरातून. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरीकडची माणसं भरपूर होती. मी स्वतः रत्नागिरीची, त्यामुळे तिथे उभं राहिल्यावर मला काय वाटलं ते मी शब्दात नाही सांगू शकत. 2006 मध्ये युनेस्कोने ही जागा जागतिक वारशात घेतली. शेजारीच माहिती केंद्र आहे, जहाजात माणसं कशी कोंबलेली असायची, नावं कशी लिहून घ्यायचे, अंगावर काय कपडे, बरोबर काय भांडी, सगळं नीट मांडलंय. तास-दीड तास पुरतो, चालणं फार नाही, त्यामुळे वयस्कर माणसांनाही जमतं. 2 नोव्हेंबरला तिथे सरकारी सुट्टी असते, ह्या माणसांच्या आगमनाची आठवण म्हणून. तुमचं लग्न त्या आठवड्यात असेल तर नक्की चौकशी करा, घाटावर कार्यक्रम असतो.

आणि हे फक्त इतिहासात आहे असं नाही. मॉरिशसमध्ये आजही मराठी समाज आहे. घरात बहुतेक क्रेओल, म्हणजे फ्रेंचवरून आलेली तिथली बोली, बोलतात पण मराठी शाळेत शिकवली जाते, त्यांच्या मंडळांचं फेडरेशन आहे, गणपती धूमधडाक्यात बसतात, आणि गणेश चतुर्थीला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते! आपल्याकडे कोकणात गणपतीत जाखडी नाचतात ना, ती ते लोक अजून नाचतात, झाकरी म्हणतात. पावणेदोनशे वर्षं झाली समुद्र ओलांडून तरी टिकवलीय. 2023 मध्ये तिथल्या महाराष्ट्र भवनाच्या आवारात शिवाजी महाराजांचा पुतळा बसवला तेव्हा आपले देवेंद्र फडणवीस गेले होते, बातम्या सगळ्यांनी बघितल्या असतील. आता असं बघा, नागपूर-पुणे-मुंबईहून दीडशे मराठी माणसं लग्नाला जातात, दणक्यात बँड वाजवतात, आणि तिथल्या एकाही मराठी माणसाला न भेटता परत येतात. मला हे फार लागलं. भाच्याच्या लग्नात ज्या ड्रायव्हरने आम्हाला फिरवलं त्याचं आडनाव ‘जी’ने संपणारं, विचारलं तर म्हणाला माझे पणजोबा मुंबईहून आले, मराठी मला थोडी थोडी समजते. आरती मात्र त्याला पूर्ण पाठ होती, सुखकर्ता दुःखहर्ता, गाडी चालवता चालवता म्हणून दाखवली. आमच्या गाडीतल्या सगळ्या बायका रडल्या.

यजमानांना माझी आणखी एक सूचना. संगीतच्या रात्री मुंबईहून डीजे नेता, कोरिओग्राफर नेता, ठीक आहे, तरुण मुलांची हौस असते. पण तिथे गीत-गवाई नावाची परंपरा आहे, लग्नाआधी बायका जमून ढोलकीवर भोजपुरी गाणी म्हणतात, देवाचं म्हणून सुरुवात करून मग हळूहळू थट्टामस्करीची, नाचाची. 2016 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली ही परंपरा. बायकांचे गट आहेत, शिकवण्याचे वर्गसुद्धा चालतात. असा एक गट तासभर बोलवा. बिहारकडच्या माणसांची ती गाणी, पण हळद, तांदूळ, दूर्वा सगळं आपल्यासारखंच, आपल्या आज्यांना लगेच कळेल. तसंच सेगा, म्हणजे गुलामीत आणलेल्या आफ्रिकन लोकांचं गाणं-नाच, बकऱ्याच्या कातड्याचा रावान नावाचा डफ वाजवतात, तीही 2014 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. रिसॉर्टवाले जेवताना दाखवतात ती बरीचशी टुरिस्टांसाठी केलेली असते, तरी बघा, पण ती कुठून आली ते पाहुण्यांना कोणीतरी दोन वाक्यात सांगायला हवं.

पोर्ट लुईचा दिवस कसा लावायचा ते सांगते, आम्ही केला तसा नाही, आता परत जायचं झालं तर मी लावेन तसा. सकाळी लवकर सेंट्रल मार्केट. खाली भाजी-फळं, वर टोपल्या, मसाले, व्हॅनिला, कपडे, भाव करायला लागतो. तिथेच डालपुरी खा. चण्याच्या पिवळ्या डाळीचं सारण भरलेली पातळ मऊ पोळी, आपल्या पुरणपोळीतला गूळ काढून टाकला तर जे होईल ते, जोडीने देतात आणि आत घेवड्यासारख्या दाण्यांची आमटी, टोमॅटोची चटणी, तिखट. शाकाहारी माणसांचं पोट भरतं आणि खर्च नगण्य. डाळीचे छोटे तिखट वडे मिळतात त्यांना गातो पिमाँ म्हणतात, आणि प्यायला आलूदा, सब्जा घातलेलं थंड दूध. रिसॉर्टचा ब्रेकफास्ट फुकट आहे म्हणून पोट भरून निघू नका त्या दिवशी. मार्केटपासून आप्रवासी घाट चालत काही मिनिटांवर आहे, मधला मोठा रस्ता तेवढा सांभाळून ओलांडायचा. नंतर बंदराच्या कडेने कोदाँ वॉटरफ्रंटला जायचं, तिथे ब्ल्यू पेनी म्युझियम. 1847 मध्ये मॉरिशसने छापलेली एक पेनी आणि दोन पेन्सची टपाल तिकिटं, जगातल्या सगळ्यात दुर्मिळ तिकिटांपैकी, ती इथे आहेत. पण रंग उडू नये म्हणून मूळ तिकिटांवर तासातून थोडाच वेळ दिवा लावतात, बाकी वेळ नक्कल बघायची, म्हणून आत शिरताच वेळ विचारून घ्या. नॅचरल हिस्ट्री म्युझियम जवळच, तिथे डोडोचा सांगाडा आहे, मुलं बरोबर असतील तर हे चुकवू नका. हा पक्षी जगात फक्त इथेच होता, सतराव्या शतकात डच आल्यावर काही दशकांतच संपला. वेळ उरला तर सिटाडेल या टेकडीवरच्या किल्ल्यावर गाडीने जा, सगळं शहर आणि शां द मार्स हे घोड्यांच्या शर्यतीचं मैदान खाली दिसतं, ते 1812 चं.

परतताना उत्तरेला पाम्पलमूसची बाग, आता सर शिवसागर रामगुलाम यांच्या नावाने आहे, देशाचे पहिले पंतप्रधान, 12 मार्च 1968 ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हाचे. त्यांची समाधी पण ह्याच बागेत. परातीएवढी नव्हे, त्याहून कितीतरी मोठ्या पानांची कमळं तळ्यात आहेत, फोटोत सगळ्यांनी बघितलेली असतात पण समोर वेगळीच वाटतात. एक ताडाची जात आहे, तालिपोत, ती कित्येक दशकं वाढते, एकदाच फुलते आणि मरते. बाग मोठी आहे, गुडघे दुखणाऱ्यांसाठी बॅटरीच्या गाडीची सोय विचारा आणि गाइड घ्या, पाट्या वाचून काही कळत नाही. तिथून अगदी जवळ बो प्लाँ गावात जुन्या साखर कारखान्याचं म्युझियम केलंय. 1999 मध्ये कारखाना बंद पडला आणि यंत्रं तशीच ठेवून आत म्युझियम. हे मी कोल्हापूर, सांगली, नगरकडच्या लोकांना मुद्दाम सांगते, तुम्हाला ते जितकं कळेल तितकं युरोपातल्या टुरिस्टला नाही कळणार. ऊस, गुलामी, करारी मजूर, हा सगळा देश उसाभोवती कसा उभा राहिला ते तिथे दिसतं, आणि शेवटी वेगवेगळ्या तपकिरी साखरा चमच्याने चाखायला देतात. आमच्यातले कारखान्यात नोकरी केलेले एक नातेवाईक चरकाजवळून हलायला तयार नव्हते.

दक्षिणेकडचा दिवस हा बहुतेक टूरवाले विकतातच त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. गंगा तलाव सगळ्यांना आवडतो, डोंगरावरचं ज्वालामुखीच्या विवरातलं तळं, काठाला देवळं, रस्त्यावर शंकराची 108 फुटी मूर्ती आणि समोर तेवढीच दुर्गेची. 1972 मध्ये गंगेचं पाणी आणून त्यात सोडलं. महाशिवरात्रीला लाखो माणसं कावड घेऊन पायी येतात, तेव्हा लग्न त्या आठवड्यात ठेवलं असेल तर रस्ते तुंबलेले असणार हे यजमानांनी लक्षात घ्यावं. वर थंड असतं, पाऊस कधीही येतो, शाल ठेवा, आणि माकडं आहेत, प्रसादाची केळी पिशवीत आत ठेवा. चप्पल काढून ओल्या फरशीवर चालताना म्हाताऱ्या माणसांचा हात धरा, घसरतं.

शामारेलची सात रंगांची माती टूरमध्ये असतेच. लाव्हाचा दगड कुजून माती झाली आणि त्यातल्या लोह-अ‍ॅल्युमिनियममुळे रंग आले. बघायला दहा मिनिटं पुरतात खरं सांगायचं तर, पण वाटेतला धबधबा सुंदर आहे. रस्ता वळणावळणाचा, गाडी लागणाऱ्यांनी गोळी घेऊन बसा.

त्याच बाजूला ल मॉर्न आहे, ते मात्र फक्त बीचचा बॅकग्राउंड म्हणून बघू नका. समुद्रात घुसलेला 556 मीटरचा कडा, जवळजवळ प्रत्येक प्री-वेडिंग फोटोत असतो. मळ्यांवरून पळालेले गुलाम ह्या कड्यावर लपून राहायचे. लोक सांगतात की गुलामगिरी संपली हे सांगायला शिपाई आले, तर वरच्या माणसांना वाटलं पकडायला आले आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. 2008 पासून हीसुद्धा जागतिक वारशाची जागा आहे, पायथ्याशी स्मारक आहे. आप्रवासी घाट आणि ल मॉर्न, दोन्ही बघितलं की ह्या देशाची गोष्ट पूर्ण होते, एकाची गोष्ट जिथे संपते तिथे दुसऱ्याची सुरू होते. मला असं वाटतं की नवरा-नवरीचे फोटो तिथे काढावेत, जरूर काढावेत, पण फोटोग्राफर तयारी करत असताना बाकीच्यांनी पाच मिनिटं स्मारकापाशी जाऊन यावं. वर चढायचं असेल तर पहाटे, गाइड घेऊन, आणि फक्त ज्यांना ट्रेकची सवय आहे त्यांनीच, शेवटचा भाग अवघड आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेवाच्या मित्रांनी हा उद्योग करू नये.

समुद्राचं म्हणाल तर ईल ओ सेर या बेटावर सगळे जातातच. गर्दी असते, छान आहे, तरुण मंडळी खूश. पण मला विचाराल तर लहान मुलं आणि शांत बघणारी माणसं असतील तर माहेबुर्गजवळचं ईल ओ एग्रेत हे छोटं बेट बघा. तिथे मूळचं एबनीचं जंगल राखलंय, महाकाय कासवं फिरतात, आणि गुलाबी पारवा बघायला मिळतो जो एकेकाळी जवळजवळ संपला होता. वाइल्डलाइफ फाउंडेशनचे लोक बरोबर येऊन दाखवतात, तिकिटाचे पैसे त्याच कामाला जातात. एअरपोर्टपासून हा भाग अगदी जवळ आहे, त्यामुळे ज्यांची परतीची फ्लाइट रात्रीची असते आणि रिसॉर्ट सकाळीच खोल्या खाली करायला सांगतो, त्या लोकांनी सामान गाडीत टाकून शेवटचा दिवस इथे घालवावा. माहेबुर्गला सोमवारी मोठा बाजार भरतो, तोही ह्याच दिवशी साधतो. आणि ब्ल्यू बेला काचेच्या तळाची बोट, पोहता न येणाऱ्या आज्या-मावश्यांना कोरल आणि मासे बघायचा हाच सोपा मार्ग.

बीचसाठी पैसे मोजायची गरज नाही हेही सांगते, समुद्रकिनारे तिथे सगळ्यांसाठी खुले आहेत. रविवारी संध्याकाळी एखाद्या सार्वजनिक बीचवर जा, तिथली कुटुंबं डबे घेऊन, गाणी लावून सुरूच्या झाडांखाली बसलेली असतात, साड्या नेसलेल्या आज्या, फ्रेंचमध्ये भांडणारी नातवंडं. खरा मॉरिशस रविवारी तिथे असतो. पाण्यात जाताना रबरी बूट घाला, तळाला टोकदार कोरल आणि काटेरी सी अर्चिन असतात. कोरलची भिंत आहे तिथपर्यंत पाणी शांत, पण दक्षिणेला ग्री-ग्रीसारख्या ठिकाणी ही भिंत नाही, तिथे लाटा सरळ येऊन आपटतात, तिथे फक्त वरून बघायचं, पाण्यात पाय घालायचा नाही.

थोडं व्यवहाराचं. भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग, खर्चापुरते पैसे दाखवता आले पाहिजेत आणि निघण्याआधी त्यांचा ऑनलाइन ट्रॅव्हल फॉर्म भरायचा असतो. यजमानांनी रिसॉर्टचं पत्र प्रत्येक पाहुण्याच्या नावाने आधी पाठवलं तर वयस्कर माणसं काउंटरवर गोंधळत नाहीत. मुंबईहून थेट विमानाला साडेसहा-सात तास लागतात, घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. प्लग इंग्लंडसारखे चौकोनी तीन पिनांचे, आपले चार्जर बसत नाहीत, अ‍ॅडाप्टर इथूनच न्या. टॅक्सीत बसायच्या आधी भाडं ठरवा, चार-पाच जण मिळून दिवसभराची गाडी ड्रायव्हरसकट घेतली तर परवडते, आणि बऱ्याच ड्रायव्हरना हिंदी समजते त्यामुळे आपल्या माणसांना मोकळं वाटतं. पोर्ट लुई ते क्युरपिप मेट्रो आहे, आपल्या एल अँड टीने बांधलेली, भारत सरकारने मदत दिलेली, ज्यांना गावं, घरं, अंगणातले हनुमानाचे लाल झेंडे बघायचेत त्यांनी एक चक्कर तिच्यातून मारावी.

हवेचं असं की तिथे आपल्या उलट ऋतू. आपली डिसेंबर-फेब्रुवारीची लग्नसराई म्हणजे त्यांचा उन्हाळा, दमट आणि गरम, आणि जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा जोर. जमत असेल तर मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर बघा. जुलै-ऑगस्टमध्ये पूर्व किनाऱ्यावर वारा जोरदार असतो, मंडपाचे पडदे राहत नाहीत, तेव्हा पश्चिम किनारा बरा, सूर्यास्तही तिकडेच. आणि त्या दिवसांत पावणेसहाच्या सुमाराला अंधारायला लागतं, फिरायला सकाळीच निघा.

एक महत्त्वाचं, लग्नाचं सामान. नारळ, विड्याची पानं, आंब्याची डहाळी, ताजी फुलं बॅगेत घालून नेऊ नका, झाडपाल्याच्या बाबतीत तिथे नियम कडक आहेत. आणि गरजही नाही. अर्धाअधिक देश भारतीय वंशाचा आहे, पूजेचं सामान सगळं मिळतं, भटजी मिळतात. तिथल्या दुकानात जाऊन मुंडावळ्यांसाठी फुलं आणि कलशासाठी नारळ घ्यायला दोन-चार पाहुण्यांनाच पाठवा, हेसुद्धा एक साइटसीइंगच आहे, आणि पैसे तिथल्या छोट्या माणसाच्या हातात जातात.

शेवटी यजमानांना परत विनंती, तुम्ही एवढा खर्च करता, लाखो रुपये फुलांवर जातात, त्यात एका बसचं आणि एका चांगल्या स्थानिक गाइडचं भाडं काहीच नाही. प्रोग्रॅममध्ये ‘फ्री डे’ असं लिहून सोडू नका, त्याने काही होत नाही, वयस्कर माणसं लाजतात, खोलीत बसून राहतात. बस अमुक वाजता निघेल, पोर्ट लुईला जाईल, जेवण डालपुरीचं असेल, चारला परत, असं स्पष्ट छापा. ज्यांना पूलमध्ये पडून राहायचंय ते राहतील.

आणि संपादक साहेब, तुमच्या वाचकांत बाली, थायलंड, श्रीलंका, दुबईला लग्नाला जाऊन आलेले लोक असणारच, त्यांनीही तिथलं असंच नीट लिहून पाठवावं आणि तुम्ही ते छापावं. आमच्याकडे पुढच्या वर्षासाठी फुकेतचं आमंत्रण येऊन पडलंय, तिथे रिसॉर्टच्या बाहेर काय बघायचं, म्हाताऱ्या माणसांना काय झेपेल आणि कुठला वार टाळायचा ते मला आत्तापासून हवंय.

आपली एक नियमित वाचक,
रत्नागिरी